साडेसहा हजारात पोरीचं भविष्य, ३८ पानी, स्पायरल बाइंडिंगसकट

आधीच सांगतो, सेंटरचं नाव टाकत नाही. कोल्हापूर लहान आहे, उद्या त्यांचीच गाडी कुठं ठोकली तर सर्व्हेला मलाच जायला लागायचं (मी मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेअर, ते पुढं येईलच). राजारामपुरीत, पहिल्या मजल्यावर, करिअर काउन्सिलिंग आणि ॲप्टिट्यूड टेस्ट, एवढं बास. ५ पैकी अडीच स्टार. त्यातला अर्धा ज्याला दिलाय तो माणूस सेंटरच्या पगारपत्रकात सगळ्यात खाली असणार, तेबी सांगतो.

तर झालं असं, पोरगी यंदा दहावीत. आणि कोल्हापुरात पोरगं दहावीत गेलं की ते सगळ्या गल्लीचं होतंय. गंगावेशीत दूध प्यायला गेलं तरी कट्ट्यावरचा माणूस ग्लास हातात देता देता विचारतोय, काय ठरवलंय हिनं? आत्या विचारती, मामा विचारतोय, अपार्टमेंटचा वॉचमन विचारतोय. पोरगी सातवीत युट्युबर होणार होती, आठवीत डेंटिस्ट (त्या वर्षी दाताला तार बसवली होती), आणि आता विचारलं की खांदे उडवती आणि "माहीत नाही" म्हणती. मला त्यात काय वावगं वाटलं नव्हतं, पंधराव्या वर्षी माहीत नसणं म्हणजे काय कावीळ आहे व्हय. पण मिसेसनं कुणाच्यातरी स्टेटसला त्या सेंटरचा फोटो बघितला, हातात फाइल धरलेलं पोरगं, दोन्ही बाजूला आईबाप, तिघंबी हसतायत, आणि तिथनं आमच्या घरची शांतता गेली.

पॅकेज तीन. सिल्व्हर अडीच हजार, नुसती टेस्ट. गोल्ड साडेचार, टेस्ट आणि काउन्सिलिंग. प्लॅटिनम साडेसहा, त्यात बोटांचे ठसे घेऊन मेंदूची तपासणी आणि वर्षभर फोनवर सपोर्ट. मी सिल्व्हरवर बोट ठेवलं होतं. मिसेस म्हणाली, "एकुलती एक पोरगी, तिच्यातबी काटकसर करताय होय?" काउंटरवरची मॅडम ऐकत होती. झालो प्लॅटिनम.

जागा चांगली आहे, खोटं कशाला बोला. एसी थंडगार, खुर्च्या मऊ, सेंटरचं पार्किंग मात्र नाही, शनिवारी तर विसराच, मी गाडी बागल चौकात लावून चालत आलो. भिंतीवर पोस्टरं. एकावर आपला स्वप्नील कुसाळे, पॅरिसचं ब्राँझ गळ्यात, आणि खाली लिहिलंय "स्वप्नांचा पाठलाग करा". या पोस्टरवर मी पंचवीस मिनिटं नजर लावून बसलो होतो, त्यामुळं त्याबद्दल नंतर थोडं जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तर तेवढं सोडा.

टेस्ट टॅबवर असती, १८० प्रश्न, दीड तास. पालकांना फुकट डेमो म्हणून मलाबी एक छोटी टेस्ट दिली, ४० प्रश्नांची. प्रश्न असले की, "रविवारी सकाळी तुम्हाला काय आवडेल? संग्रहालय बघणे, की घरातील यंत्र दुरुस्त करणे, की मित्रांचा कार्यक्रम आयोजित करणे?" अहो रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभारायचं असतंय, तो ऑप्शन कुठाय? पोरगीबी मधेच बाहेर येऊन म्हणाली, "पप्पा, यात 'यापैकी काहीच नाही' असलं बटणच नाही, मी काय करू?" म्हटलं दाब कुठलंबी. हे मी चुकलो बहुतेक.

टेस्ट फसवी आहे असं मी म्हणत नाही. जॉन हॉलंड म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं १९५९ ला मांडलेलं आहे हे, की माणसांचे आणि कामांचे ढोबळ सहा प्रकार, कुणाला हातानं काम करायला आवडतंय, कुणाला शोधायला, कुणाला कलेचं, कुणाला माणसांत राहायला, कुणाला धंदा करायला, कुणाला हिशेब-कागद नीट लावायला, आणि ज्याचा जो प्रकार तसलं काम मिळालं की माणूस टिकतोय. बरोबरच आहे की. माझ्या ओळखीतलाच एकजण कागद लावणारा माणूस, त्याला बापानं हॉटेलच्या गल्ल्यावर बसवलं, गिऱ्हाईक आलं की ह्याला वैताग. पण गोम अशी की आवड कशाची मोजणार, बघितलेल्याचीच ना? "तुम्हाला प्रयोगशाळेत काम करायला आवडेल का" असं विचारलंय. पोरीनं प्रयोगशाळा म्हणजे शाळेतली एक खोली बघितली, तिला कुलूप, किल्ली सरांकडं, सर बीएलओच्या, म्हणजे मतदार याद्यांच्या ड्युटीवर. तिनं दाबलं "नाही". झाली सायन्सची एक वाट बंद.

आपल्या बोर्डानंबी हे केलं होतं बरं का, २०१६ पासनं दहावीच्या पोरांची कल चाचणी, फुकटात, शाळेतच. सात क्षेत्रं होती त्यात, कृषी, वाणिज्य, ललित कला वगैरे, आणि एक "गणवेशधारी सेवा". माझ्या पुतण्याचा कल गणवेशधारी सेवेत निघाला होता. घरात पेढे. भरतीला दोन वर्षं पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारल्या, उंचीत अर्धा इंच कमी पडला. आता कंपनीचा टी-शर्ट घालून पार्सलं पोचवतोय. गणवेश मिळाला म्हणायचं.

आता बोटांचे ठसे. हे प्लॅटिनमवाल्यांसाठीच. यंत्र तेच, रेशन दुकानात असतंय तसलं. दहाही बोटं घेतली आणि सांगितलं की बोटावरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि मेंदूबी तेव्हाच, म्हणून रेषांवरनं जन्मजात बुद्धी कळती. म्हणजे मेंदूत काय आहे ते अंगठ्यावर छापून आलंय, असं. आमच्या आईचा अंगठा चाळीस वर्षं भांडी घासून घासून एवढा गुळगुळीत झालाय की रेशनचं मशीन तिला ओळखत नाही, दर महिन्याला भांडण. मग तिची बुद्धीबी धुऊन गेली म्हणायची का? हे मी विचारलं, तर "सर, ते वेगळं" असं उत्तर मिळालं. घरी येऊन शोधलं तर इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं, म्हणजे देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंच, या ठशांच्या टेस्टला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट सांगून टाकलेलं आहे. तेव्हा प्लॅटिनम घेऊ नका. वरचे दोन हजार वाचवा, त्यात चौघांचं तांबडा-पांढरा होतंय, स्वीटसकट.

आठ दिवसांनी रिपोर्ट. ३८ पानं, स्पायरल, पुढं प्लॅस्टिक. पहिली अकरा पानं सेंटरचीच जाहिरात आणि डायरेक्टरचं मनोगत. मग गोल, त्रिकोण, रंगीत खांब. आणि निकाल काय, तर पहिल्या नंबरला मरीन बायोलॉजिस्ट, दुसऱ्याला फॅशन डिझायनर, तिसऱ्याला सायकॉलॉजिस्ट. समुद्रातल्या जिवांचा अभ्यास. पोरीनं समुद्र दोनदा बघितलाय, दोन्ही वेळा गणपतीपुळ्याला, दोन्ही वेळा उलटी झाली ती आंबा घाटातच. आज्जीनं विचारलं म्हणजे काय करायचं असतंय, तर मिसेस म्हणाली माशांचं शिक्षण. आज्जी म्हणाली, "मग ते कोळणीला काय कमी असतंय?"

बरं, पान २३. तिथं लिहिलंय, "आपला मुलगा नेतृत्वगुणांनी संपन्न असून तो समूहात पुढाकार घेतो." पुढं दोन ठिकाणी चक्क दुसऱ्याच पोराचं नाव. म्हणजे कुणाचातरी रिपोर्ट उचलायचा, वरचं नाव बदलायचं, आतलं बदलायला विसरायचं. मी भडकलोच. पण सांगतो काय पंचाईत झाली, काउन्सिलर सर पुण्याचे, एक आड एक शनिवारी येतात, त्यांच्यापुढं आमची पोरगी बोलाय लागली, "मी बघितलो ना सर, मी सगळं वाचलो, त्यात माझं काहीच नाही." आता कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतात, आमची आईबी "मी जातो" म्हणती, त्यात कुणाला काय वाटत नाही. सर एकदा फाइलकडं बघतायत, एकदा पोरीकडं. म्हणजे "तो" लिहिलंय म्हणून तक्रार करायची तर कुठल्या तोंडानं? नाव मात्र दुरुस्त करून दिलं. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

काउन्सिलिंग ४० मिनिटं सांगितलेलं, २५ मिनिटांत आटोपलं. त्यातली दहा मिनिटं स्लाइड, "भविष्यातील टॉप १० करिअर". एआय, डेटा, डिझाइन, असलंच. मी एवढंच विचारलं, सर, तुमच्याकडं आलेल्या सगळ्या पोरांना हीच दहा दाखवताय, तर मग उरलेली कामं कोण करणार, आणि या दहांत जागा किती? सर हसले आणि म्हणाले पॉझिटिव्ह राहूया.

त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइल घेऊन बसलो. ओईसीडी म्हणून बहुतेक श्रीमंत देशांची संघटना आहे, ती १५ वर्षांच्या पोरांची पिसा नावाची परीक्षा घेती, त्यात गणित-वाचनाबरोबर एक प्रश्न असतोय, तिशीत गेल्यावर तू काय काम करत असशील? २०१८ च्या परीक्षेत ४१ देश धरून हिशेब केला तर ४७ टक्के पोरांनी आणि ५३ टक्के पोरींनी त्याच त्या दहा कामांतलं एक सांगितलं. डॉक्टर, शिक्षक, पोलीस, इंजिनिअर, असलंच सगळं. आणि गंमत पुढं आहे, हाच आकडा २००० साली पोरांत ३८ आणि पोरींत ४९ होता. म्हणजे मधल्या अठरा वर्षांत इंटरनेट आलं, सगळं जग पोरांच्या खिशात आलं, आणि पोरांची यादी उलट आखडली. ब्रिटनमध्ये २०२० ला १४ ते १८ वयाच्या सात हजारांवर पोरांना विचारलं तर कला, मनोरंजन, खेळ यात जायचं म्हणणारी पोरं तिथल्या प्रत्यक्ष नोकऱ्यांच्या पाचपट निघाली. २०१८ च्या त्या परीक्षेत भारत नव्हता, त्यामुळं आपलं काय ते त्यात नाही. पण आमच्या वर्गाचं माझ्याकडं आहे, लेखी आहे.

आम्ही १९९७ चे दहावी. नववीत सरांनी वर्गाचं हस्तलिखित काढलं होतं, प्रत्येकानं अर्धं पान, "मी कोण होणार". मागच्या दिवाळीला गेट-टुगेदर झालं तेव्हा एकीनं ते घरातनं आणलं, वाळवी लागलेलं, आणि हॉटेलच्या हॉलमध्ये एकेकाचं मोठ्यानं वाचलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आणि मधेच एकदम सगळे गप्प, असं चाललं होतं. ४६ पोरं. १४ डॉक्टर, ११ इंजिनिअर, सहा मिल्ट्री नाहीतर पोलीस, चार कलेक्टर, तीन पायलट, तीन शिक्षिका, दोन क्रिकेटर, एक हिरोइन, एक पैलवान. आणि एकाचं अर्धं पान कोरं, खाली फक्त "वडिलांच्या दुकानात". सरांनी त्याला त्या वेळी उभं केलं होतं, महत्त्वाकांक्षा नाही म्हणून.

१४ डॉक्टरांतली एकटीच डॉक्टर झाली. एकजण एमआर आहे, बॅग घेऊन डॉक्टरांच्याच दारात बसतोय, तो म्हणतो मी डॉक्टरांपेक्षा जास्त डॉक्टर बघितलेत. इंजिनिअर मात्र बरेच झाले, पण ते लिहिताना आमच्या डोळ्यांपुढं इंजिनिअर म्हणजे टोपी घालून पुलावर उभारलेला माणूस होता, आणि झाले ते पुण्यात हिंजवडीला खुर्चीत बसून अमेरिकेतल्या बँकेचं सॉफ्टवेअर बघतात, म्हणजे स्वप्न खरं झालं म्हणायचं का नाही ते तुम्हीच ठरवा. सॉफ्टवेअर हा शब्द अख्ख्या हस्तलिखितात कुठं नाही. कलेक्टर होणार होता त्यातला एकजण, पूर्व परीक्षा सहा वेळा, मग घरच्यांनी हात टेकले, आज त्याची स्वतःची अभ्यासिका आहे, एसी, लॉकर, चोवीस तास चालू, शंभरावर पोरं तिथं बसून एमपीएससी करतात. त्याच्या दारावर काय लिहिलंय माहितीय? काही नाही, फक्त "चप्पल बाहेर काढा". मला ते आवडतं. हिरोइन व्हायची होती तिचं ब्रायडल मेकअपचं फुलेवाडीला चालतंय आणि लग्नसराईत तिचा फोन लागत नाही. मिल्ट्रीवाल्यांतला एकजण खरंच मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेला, सतरा वर्षं करून आला, आता बँकेत गनमन.

पायलट तिघं, त्यातला एक मी. का, तर उजळाईवाडीचं विमानतळ. १९३९ चं, राजाराम महाराजांच्या काळातलं, पण आमच्या लहानपणी तिथं विमान आलं तर आलं, नाहीतर म्हशी चरायच्या. आम्ही सायकली घेऊन जायचो आणि कुंपणाला धरून कुठल्यातरी पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर बघून यायचो. पायलट कसं होतात, किती पैसे लागतात, कुणालाच माहीत नव्हतं, घरात विचारलं तर वडील म्हणाले आधी गणितात पास हो. दुसऱ्या पायलटचं फरशीचं दुकान आहे. तिसरा मात्र ऐका, त्याची हातकणंगल्याकडं शेती, चार वर्षांपूर्वी ड्रोन घेतला, त्याचं डीजीसीएचं, म्हणजे विमानवाहतुकीच्या सरकारी खात्याचं, सर्टिफिकेट काढलं, रिमोट पायलट म्हणूनच देतात ते, आणि आता गावोगाव उसावर फवारणी करत फिरतोय. दहा लिटरची टाकी, एकराला सात-दहा मिनिटं. गेट-टुगेदरला त्यानं खिशातनं कार्ड काढून माझ्या तोंडापुढं धरलं, "बघ भावा, आपल्या बॅचमधला एकटा लायसन्सवाला पायलट."

आणि मी सर्व्हेअर. हे काम आहे हे मला चोविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. मेकॅनिकल डिप्लोमा केला, गॅरेजला सुपरवायझर लागलो, तिथं एक वयस्क गृहस्थ यायचे, ठोकलेल्या गाडीभोवती गप फिरायचे, वाकून बघायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि मालक घाम पुसाय लागायचा. म्हटलं हे कोण? तर हे इन्शुरन्सचे सर्व्हेअर, गाडी खरंच कशी ठोकली आणि खर्च किती बरोबर ते ठरवणारे. त्यांच्या मागं लागलो, ट्रेनिंग, परीक्षा, मग लायसन्स. २०१९ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३, त्या महिन्यात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क, मी दिवसाला पंधरा-वीस गाड्या बघत होतो. सीटवर पाण्याची रेघ कुठपर्यंत आली ते बघायचं, गालिच्याखाली गाळ, तो वास अजून नाकात आहे. आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न, पाणी ओसरल्यावर चावी फिरवली का? कारण इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतोय, आणि तो खर्च साध्या पॉलिसीत बहुतेक बसत नाही. माणसं रडायची. एका म्हाताऱ्या बाईंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, तुमच्यासारखं काम माझ्या पोराला लागू नये. मला त्याच्यात वाईट वाटलं नाही, खरं सांगतो, कारण मला ते काम येत होतं. माझ्या त्या फुकट डेमो टेस्टमध्ये काय आलं ठाऊक आहे? वनाधिकारी.

आता ते पोस्टर. स्वप्नील कुसाळे, कांबळवाडीचा, राधानगरी तालुका, २०२४ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ. पण मेडल मिळालं तेव्हा नोकरी काय होती? मध्य रेल्वेत टीसी, २०१५ पासनं. वीरधवल खाडे, पोहण्यात बीजिंग ऑलिंपिकला गेलेला, आशियाई स्पर्धेत ब्राँझ आणलेला, तो तहसीलदार झाला. नेमबाज राही सरनोबत उपजिल्हाधिकारी. आणि त्याच्याही आधी पैलवान खाशाबा जाधव, राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, १९५२ ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल, प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले होते त्याला जायला, आणि परत आल्यावर पोलिसात सब-इन्स्पेक्टर. म्हणजे बघा, कोल्हापूरच्या सगळ्यात मोठ्या नेमबाजानं रायफल धरली ती टीसीच्या पगाराच्या जिवावर. स्वप्न एक, नोकरी एक, दोन्ही एकाच माणसाची. त्या २५ मिनिटांत सर पोरीला एक शब्द जरी बोलले असते की बाळा, आवड वेगळी आणि पोट भरायचं वेगळं असलं तरी चालतंय, पुष्कळांचं तसंच असतंय, तर मी साडेसहाच्या साडेसहा वसूल समजलो असतो. पोस्टर लावलंय, पण वाचलं नाही कुणी.

आता तो अर्धा स्टार. पहिल्या दिवशी टेस्ट झाल्यावर मी पावतीसाठी थांबलेलो, पोरगी काउंटरला टेकून उभारलेली. काउंटरवरच्या मॅडम, असतील सत्तावीस-अठ्ठावीसच्या, शिवाजी विद्यापीठातनं बॉटनीत एमएस्सी, प्राध्यापक व्हायचं होतं, जागा निघत नाहीत, म्हणून इथं टॅब चार्ज करून देतात, हे त्यांनीच हसत सांगितलं. आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला कुणाचं काम बघत बसायला आवडतं गं? म्हणजे तासभर बघितलं तरी कंटाळा येत नाही असं?" पोरीनं लगेच, खांदे न उडवता, सांगितलं, "पप्पा गाडी बघतात ते. आणि उद्यमनगरातले काका लाकूड तासतात ते." मी पावती तशीच हातात घेऊन बघत राहिलो. १८० प्रश्नांत हा एक नव्हता.

उद्यमनगरातला काका म्हणजे ज्याचं पान कोरं होतं तो. वडील पॅटर्नमेकर, हा पॅटर्नमेकर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा करायला लागतोय, आणि तो साचा उठवायला आधी त्या पार्टची लाकडी प्रतिकृती लागती, तो पॅटर्न. कोल्हापूरच्या फाउंड्रीतनं पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरचे पार्ट बाहेर पडतात त्या प्रत्येकाच्या मागं कुठंतरी असला एक लाकूड तासणारा माणूस असतोय. आता त्याच्याकडं कॉम्प्युटरवर डिझाइन आणि सीएनसी राउटरबी (कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कोरायचं यंत्र) आहे, पण शेवटचा हात तो स्वतः फिरवतोय. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात शांत झोप त्याला लागती असं माझं मत, पैसाबी कमी नाही, फक्त तो सांगत नाही.

परवाच्या रविवारी पोरीला सकाळी तिथं सोडलं, म्हटलं बारा वाजता येतो. तर गेलो तेव्हा दोघं भांडत होती. पोरीनं कंपासातली पट्टी त्याच्या स्टीलच्या पट्टीला लावून बघितली होती आणि तिला चोरी सापडली होती. "पप्पा, काकांची पट्टी चुकीची आहे, ह्यांचा एक फूट माझ्यापेक्षा मोठा आहे, आणि हे ऐकत नाहीत!" तो दाढीतल्या दाढीत हसतोय. मग त्यानं समजावलं की लोखंड रसातनं थंड होताना आकसतंय, बिडाचं असलं तर फुटाला साधारण सव्वाशे पॉइंट, म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून पॅटर्न तेवढा मोठाच करायचा, आणि दर वेळी बेरीज करत बसायला नको म्हणून पट्टीच मुळात लांब केलेली. ॲल्युमिनियमची पट्टी आणखी लांब. पोरगी गप. मग म्हणाली, "मग पितळेची?" तो उठला आणि फळीवरनं तिसरी पट्टी काढून आणली. माझं बारा वाजता आलेलं कुणाला दिसलंच नाही, मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो.

ती पॅटर्नमेकर होणार असं मी म्हणत नाही, तिनंबी म्हटलं नाही. घरी येताना म्हणाली मी पुढच्या रविवारीबी जातो. आणि मग भूक लागली म्हणाली.

बाकी कुणाला जायचंच असलं तर, सिल्व्हर घ्या. रिपोर्ट मिळाल्यावर तिथंच उभारून सगळी पानं वाचा, नाव तपासा. सोमवार ते गुरुवार जा, पार्किंग मिळतंय. वर्षभराचा फोन सपोर्ट म्हणजे तुम्ही फोन करायचा आणि त्यांनी "सर मीटिंगमध्ये आहेत" सांगायचं. आणि काउंटरवरच्या मॅडम असतील तर त्यांच्याशी दहा मिनिटं बोला, ते कुठल्याच पॅकेजमध्ये नाही.

काल सेंटरवरनं फोन आलेला, दुसऱ्या भावंडाला १० टक्के डिस्काउंट आहे सर, आणि रिव्ह्यू राहिलाय तुमचा, तेवढा टाका की. म्हटलं दुसरं भावंड नाही. रिव्ह्यू टाकतो.